तळघरातली वऱ्हाडी

आमच्या घरात रागवायची भाषा वेगळी होती आणि फोनवर बोलायची वेगळी. बाबा महाराष्ट्र मंडळातल्या कुणाशी फोनवर बोलत असले की "मला असं वाटतं", "आपण जरूर या", "काही हरकत नाही" असं तोलूनमापून बोलत, आणि फोन ठेवून वळताना पायात धाकट्या विनूची खेळण्यातली गाडी आली की तोंडातून निघे, "अरे बाप्पा, हे कोनं ठेवलं बे इथी!" आई आणि मी एकमेकींकडे बघून तोंडाला पदर आणि फ्रॉक लावायचो. बाबा मूळचे अकोटकडचे, आईचं गावही तिथून हाकेच्या अंतरावर. पण बाबा शिकायला पुण्याला गेले, वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात कुणाला तरी "मले पानी दे" म्हणाले आणि पुढं सहा महिने पोरांनी त्यांचं नावच "मले" ठेवलं. तेव्हा त्यांनी जीभ जी आवळली ती आवळलीच. आईला कुणी असं काही केलं नव्हतं. ती लग्न होईपर्यंत गावातून बाहेर पडली नव्हती आणि बाहेर पडली ती थेट अमेरिकेत, ॲन आर्बरला. केळ्याला ती केयं म्हणे, पोळीला पोई. मंडळातल्या काकू तिला मुद्दाम विचारत, "पोळीला काय म्हणता हो तुमच्याकडे?" आणि ती भाबडेपणानं सांगे, आणि त्या हसल्या की त्यांच्याबरोबर हसेही. घरी येताना गाडीत बाबांचा चेहरा उतरलेला असे.

आम्ही राहायचो ती विटांची तीनमजली इमारत होती, विद्यापीठातले संशोधक, विद्यार्थी आणि आमच्यासारखी कुटुंबं असलेली. बाबा तिथल्याच एका प्रयोगशाळेत संगणकाचं काम करत आणि बसनं जात. सहा महिने बर्फ. खिडकीखालचा हीटर सकाळी गरम व्हायला लागला की आत कुणीतरी हातोडी मारतंय असा आवाज येई, आणि त्याच आवाजाबरोबर आई भाकरी थापायला बसे. ज्वारी मिळत नव्हती, म्हणून ती मक्याच्या पिठात कणीक मिसळून भाकरी करायची. ती कडेनं फाटायची आणि प्रत्येक भाकरीला आई बोलायची. "काहून फाटून राह्यली व तू? तुले का दुखून राह्यलं?" भाकरीशी, हीटरशी, बाहेरच्या खारीशी, माझ्या वेणीतल्या गुंत्याशी, सगळ्यांशी ती बोलत असे. मी शाळेतून आले की दारातच तिचा आवाज ऐकू यायचा. आत कुणी नसायचं, एक विनू सोडला तर. आणि विनू बोलत नसे.

विनू माझा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. चार वर्षांचा झाला तरी "माय" आणि "पानी" याच्यापुढं त्याची गाडी सरकत नव्हती. काही हवं असलं की बोट दाखवायचा आणि आपण चुकीची वस्तू दिली की मुकाट खाली बसायचा. आई म्हणे, "माया भाऊ पाच वर्षाचा होईलोक बोलला नव्हता, आता गावचा सरपंच हाये, कोनाले बोलू देत नाई." बाबांना यात काही गंमत वाटत नसे. बालवाडीत तर तो "पानी"सुद्धा म्हणत नव्हता. तिथून चिठ्ठी आली, मग दुसरी आली, आणि मग आम्ही सगळे एका छोट्या खोलीत छोट्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. तिथली स्पीच टीचर फार गोड बाई होती. तिनं विनूला चित्रं दाखवली, मला स्टिकर दिलं, आणि घरी कोणकोणत्या भाषा बोलता असं बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "मराठी अँड इंग्लिश." आईनं बाबांकडे पाहिलं. तिला एवढं कळलं होतं की तिची भाषा त्या यादीत आली नाही.

ती बाई म्हणाली की मूल गोंधळलंय. घरात एकच भाषा ठेवा आणि ती इंग्लिशच ठेवा, म्हणजे त्याला शाळेत सोपं जाईल. नाहीतर पुढच्या वर्षी त्याला वेगळ्या वर्गात घालावं लागेल. आता मी अमेरिकेतल्याच कॅरी गावात राहते, तिथं समोरच्या घरातली तरुण मुलगी सांगते की तिच्या मुलाच्या शाळेत बरोबर उलटं सांगतात. घरी तुमचीच भाषा बोला, मुलाचं काही बिघडत नाही म्हणतात. मी "हो का" म्हणते आणि उठून भांडी आवरायला लागते. त्या बाईवर मला रागावता येत नाही. तिला जे शिकवलं होतं ते तिनं सांगितलं, आणि ते सांगताना आईचा हात हातात धरला होता.

बाबांनी नियम केला. त्या काळात त्यांना नियम करायला फार आवडायचं. फ्रिजवर एक तक्ता लागला, महिन्याच्या सगळ्या दिवसांचे चौकोन आखलेला, आणि ज्या दिवशी घरात मुलांशी फक्त इंग्लिश बोललं जाईल त्या चौकोनात सोनेरी चांदणी. चांदणी चिकटवायचं काम माझ्याकडे. मी दहा वर्षांची होते, वर्गात कुणी मला कधी मॉनिटर केलं नव्हतं, घरात झाले. माझी छाती किती फुगली होती हे आज लिहितानासुद्धा लाज वाटते. संध्याकाळी बाबा विचारत, "सो? स्टार ऑर नो स्टार?" आणि मी विचार केल्यासारखं करून सांगे.

आईला तेव्हा इंग्लिशचे चाळीसेक शब्द येत असतील. एकदा मी ते मोजलेही होते, मजा म्हणून. ईट, कम, गो, नो, गुड, कोल्ड, हॉट, स्लीप, वॉश, बस, शूज, मिल्क, थँक यू. एवढ्या शब्दांत तिनं मूल वाढवायचं होतं. विनू पडला, गुडघा फुटला, तर पूर्वी ती त्या फरशीलाच मारत मारत पाच मिनिटं बोलली असती. आता त्याला उचलून "नो क्राय, नो क्राय" म्हणायची आणि पुढं काही सुचलं नाही की ओठ मिटून त्याला थोपटायची. शुभंकरोतीला मात्र बाबांनी सूट दिली होती. ते संस्कृत, शिवाय देवाला उगाच कशाला दुखवा. आईनं त्या सुटीचा असा काही फायदा घेतला की बोट दिलं तर हात धरला म्हणतात तसं झालं. रोज दिव्यापाशी आम्हाला बसवून ती शुभंकरोती संपली की डोळे मिटून देवाशीच बोलायला लागे, "देवा, या मंजूले सांग, दूध पिऊन घे म्हनाव. देवा, या विनूले सांग, तुया मायले तुही लय याद येते म्हनाव." पहिल्या आठवड्यात प्रार्थना पाच मिनिटांवरून वीस मिनिटांवर गेली. मी हसू दाबून दाबून लाल व्हायचे. मग बाबांच्या लक्षात आलं आणि देवाचीही सूट गेली.

माझ्या वाट्याची वऱ्हाडी मात्र चालू होती. सकाळी बाबा बसला गेले की वेणी घालताना आई माझ्या कानाशी हळू आवाजात बोलायची. रात्री पडलेलं स्वप्न, मामाच्या म्हशीची गोष्ट, मंडळातल्या काकूंची नक्कल. ते मी बाबांना कधी सांगितलं नाही आणि त्या दिवशीची चांदणी बिनदिक्कत चिकटवली. एवढी प्रामाणिक मी मॉनिटर होते.

तळमजल्यावर थिया राहायची. थिया म्हणजे ग्रीकमध्ये मावशी किंवा काकू. तिनंच आम्हाला तसं म्हणायला लावलं होतं. ती सायप्रस बेटावरची, तिचा नवरा बसस्टँडजवळच्या एका खानावळीत भट्टीवर काम करायचा. तिची आणि आईची मैत्री कशी झाली हे त्या दोघींनाच ठाऊक, कारण आई तिच्याशी वऱ्हाडीत बोलायची, ती आईशी ग्रीकमध्ये, आणि मध्येच दोघी मिळून एखादा इंग्लिश शब्द शोधायच्या. तिच्या स्वयंपाकघरात मी पुष्कळ बसायचे. नवऱ्याला हाक मारताना ती बेटावरचं ग्रीक बोले, "काय"ला "इन्ता" म्हणायचं ते. चर्चमधून पाद्रीबुवांचा फोन आला की तीच बाई पाठ ताठ करून "इन्ता"ऐवजी "ती" म्हणायला लागायची आणि आवाजसुद्धा बारीक व्हायचा. मी पळत वर जाऊन आईला सांगितलं होतं, "थिया पन बाबासारखीच हाये!" आई पोट धरून हसली होती. आणि रविवारी थियाचा मुलगा यायचा, तिशीतला, टाय लावलेला. थिया त्याच्या ताटात वाढत वाढत बेटावरच्या भाषेत बोलत राही आणि तो "आय डोन्ट नो, मा", "फाइन, मा" असं म्हणत जेवत असे. अर्ध्या तासात त्याचं जेवण उरकायचं.

आमच्या घरातला नियम थियाला कळला तेव्हा ती माझ्यावरच ओरडली, जणू तो मीच केला होता. नंतर खुर्चीत बसून शांतपणे म्हणाली, "टीचर टोल्ड मी सेम. आय वॉज यंग. आय से, येस टीचर. नाऊ ही कम्स, ही ईट्स, ही गोज." मला वाटलं, मुलगा रविवारी नेमानं येतो ही चांगलीच गोष्ट आहे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे.

कपडे धुवायची खोली तळघरात होती, सगळ्या इमारतीची मिळून एक. थियाच्या दारावरूनच जिना खाली जायचा. त्या हिवाळ्यात आई आठवड्यातून तीन-चारदा कपडे घेऊन खाली जायला लागली, विनूला बरोबर घेऊन. बाबा एकदा म्हणाले, "एवढे कपडे मळतात तरी कुठे? बाहेर तर बर्फ आहे." आई खाली असली की थिया हमखास जिन्याच्या तोंडाशी घडीची खुर्ची टाकून शेंगा सोलत बसलेली असे, आणि कुणी खाली जायला लागलं की मोठ्यांदा ओरडून त्याचं स्वागत करी. "हॅलो मंजूऽऽ! मंजू इज कमिंग!" म्हातारीला कमी ऐकू येतं असं मी समजत होते.

एका शनिवारी दुपारी खुर्ची रिकामी होती. थिया नवऱ्याबरोबर डॉक्टरकडे गेली होती. बाबा ग्रंथालयात होते आणि मला शाळेच्या सहलीच्या कागदावर आईची सही हवी होती, म्हणून मी पायमोजे घालूनच खाली गेले. दार अर्धवट उघडं होतं. ड्रायर फिरत होता, साबणाचा उबट वास येत होता. आई जमिनीवर मांडी घालून घड्या करत होती आणि विनू दुसऱ्या मशीनवर बसून पाय हलवत होता. आणि बोलत होता.

"माय, हा कोनाचा मोजा हाये?"

"तुया बापाचा."

"अन् हा?"

"हा तुया. केवढासाक हाये पाय."

"मंग मंजूचा कुठी गेला?"

"मंजूचा मशीननं खाल्ला."

"मशीनले भूक लागली?" असं म्हणून तो इतका हसला की मागं कलंडला आणि आईनं त्याचा पाय धरला. ती पण हसत होती. "लागली न बाप्पा! तिले कोनी जेवालेच नाई देल्लं सकायपासून." मग त्यानं विचारलं की मशीनला पोई आवडते की केयं, आणि त्यावर त्या दोघांचं बराच वेळ चाललं होतं.

मी आत गेले नाही. माझा मुका भाऊ पूर्ण वाक्यं बोलत होता, प्रश्न विचारत होता, चेष्टा करत होता. धावत जाऊन त्याला उचलायचं सोडून मी दाराआड उभी राहिले. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला हेवा वाटला. वेणी घालताना आई माझ्याशी बोलायची ते कुजबुजत, घाईत, एक कान दाराकडे ठेवून. अशी मोकळी हसलेली मी तिला दोन महिन्यांत पाहिली नव्हती. ते हसणं वर आमच्या घरात उरलं नव्हतं, कारण ते सगळं इथं खाली आणून ती त्याला देत होती. सही न घेताच मी वर आले आणि फ्रिजसमोर उभी राहून त्या तक्त्याकडे बघत बसले. डिसेंबरभर चांदण्याच चांदण्या होत्या.

संध्याकाळी जेवताना बाबांनी रोजचा प्रश्न विचारला आणि मी म्हणाले, "डॅड, विनू कॅन टॉक."

बाबांचा घास हातात राहिला. त्यांचा चेहरा असा उजळला की तसा मी नंतर माझ्या लग्नातही पाहिला नाही. दोन वर्षं तो माणूस याच वाक्याची वाट बघत होता. "रिअली? व्हॉट डिड ही से?" एवढ्यावर मला थांबता आलं असतं. विनूला बोलायला येतं, एवढंच सांगून मी भाकरीचा तुकडा तोडला असता तर पुढचं सगळं कदाचित वेगळं झालं असतं. पण मी मॉनिटर होते. "ही वॉज टॉकिंग गावठी," मी म्हणाले. "विथ आई. इन द बेसमेंट. दे डू इट ऑल द टाइम." गावठी हा शब्द बाबांचा. तो आईसमोर वापरायचा नसतो हे मला चांगलं माहीत होतं.

बाबा आईकडे वळले. "तुले सांगतलं होतं ना? किती डाव सांगतलं होतं?"

आई शांत होती. "तुमी आता कोन्त्या भाषेत बोलून राह्यले?" ती म्हणाली. आणि मग, "पोट्टा बोलून राह्यला. तेवढं त ऐका. तो बोलून राह्यला."

"इथी बोलून का फायदा? त्या बाईनं सांगतलं न का गोंधयते म्हनून! उद्या येगळ्या वर्गात टाकतीन त्याले, जन्माचा शिक्का बसन. तुले पाह्यजे का तसं? सांग, पाह्यजे का?"

बाबांना आई घाबरत नव्हती. एवढ्या तेवढ्यावरून ती त्यांना कितीदा गप्प करायची. पण त्या वेगळ्या वर्गाला ती घाबरली. मला ते दिसलं, तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. बाजारात ओळखीचं कुणी वाटावं आणि जवळ गेल्यावर ते दुसरंच निघावं तसं. "ईट," ती मला म्हणाली. "गेट कोल्ड."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझी वेणी घातली. बाबा घरात नव्हते. मी मान मागं करून वाट बघत होते. "टर्न," ती म्हणाली. "अदर साइड. फिनिश."

सोमवारी बाबा त्या टीचरला भेटून आले. तिनं सांगितलं म्हणे की अशानं सगळी मेहनत वाया जाते, मुलाला एकसारखं वळण लागायला हवं. पुढच्या शनिवारपासून कपडे बाबा धुवायला लागले. गोणपाटासारखी पिशवी खांद्यावर टाकून ते खाली जात आणि घड्या न करताच वर आणत. विनूला दिवसभराच्या बालवाडीत घातलं. सुरुवातीला तो घरी आला की बूट काढायच्या आधी आईकडे पळायचा आणि "माय, आज न..." असं काहीतरी सुरू करायचा, आणि आई त्याच्या तोंडावर हात ठेवायची. जोरात नाही. आपला तळवा अलगद त्याच्या तोंडावर ठेवायची आणि मान हलवायची, "नो. से इंग्लिश." त्याच्याकडे इंग्लिश नव्हतं आणि तिच्याकडे तर त्याहून नव्हतं. तिचा हात काढायचा तो प्रयत्न करी. एकदा तो तिला चावला. मग काही दिवस तो तळघराच्या जिन्यावर जाऊन बसायचा आणि आई वरून त्याला न्यायला येत नसे, मला पाठवी. मी हात धरला की तो उठायचा, त्याला माहीतच नव्हतं मी काय केलं ते. महिन्याभरात ते जिन्यावर बसणंही संपलं.

थियानं मला जिन्यात गाठून विचारलं, "हू टोल्ड?" मी म्हणाले, मला माहीत नाही. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आत जाऊन त्यांच्या सणाला करतात तो चीज आणि पुदिना भरलेला, वर तीळ लावलेला पाव आणून माझ्या हातात ठेवला. मी तो तिथंच उभं राहून खाल्ला, पूर्ण.

उन्हाळा लागायच्या आत विनू बोलायला लागला. इंग्लिश, स्वच्छ, टीचरसारखं. नाक वर करून "ॲक्च्युअली" म्हणायचा. बाबांनी मिल्क पावडरचे पेढे करवून घेतले आणि मंडळाच्या कार्यक्रमात विनूनं माइकसमोर बालगीत म्हटलं, इंग्लिश. काकूंनी टाळ्या वाजवल्या. स्पीच टीचरनं बाबांना पत्र पाठवलं, आईवडिलांच्या सहकार्याबद्दल खास अभिनंदन केलेलं. म्हणजे नियम बरोबर ठरला. हातच्या काकणाला आरसा कशाला? आई पेढे वळत होती आणि प्रत्येक पेढ्यावर अंगठा दाबत होती. ती पेढ्यांशी काही बोलली नाही.

दोन-तीन वर्षांनी बाबांनीच नियम उठवला. आता मुलांचं इंग्लिश पक्कं झालं, आता मराठी यायला हवं, असं म्हणून रविवारी मंडळातून पुस्तकं आणायला लागले. मी वाचायला लागले. पुढं नोकरी आणि लग्न करून, कॅरीला यायच्या आधी, वीस वर्षं पुण्यात काढली, म्हणून हे असं लिहिता तरी येतंय. विनूला "तुमचे नाव काय" यापलीकडे काही जमलं नाही. आई बाबांशी वऱ्हाडीत बोले, गावाला फोन लावला की तासभर वऱ्हाडीत बोले, थियाशी तर ती म्हातारी जाईपर्यंत वऱ्हाडीतच बोलली. आमच्याशी मात्र इंग्लिश. तोवर तिचं इंग्लिश बरं झालं होतं, कामापुरतं. विनूशी इंग्लिश बोलायची कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. माझ्याशी का, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. मी वऱ्हाडीत काही बोलले की ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, न चिडता, शेजारच्या बाईशी बोलावं तशी. काही वर्षांनी मीही सोडून दिलं. माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "बी हॅपी." सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "तुमच्या आई अगदी अमेरिकन झाल्या हो!"

विनू आता अमेरिकेतच एडिसनजवळ राहतो, वकील आहे, बोलण्यावरच पोट भरतो. मुलांना गंमत म्हणून सांगतो, "आय डिडन्ट से अ सिंगल वर्ड टिल आय वॉज फाइव्ह." दर दिवाळीला सांगतो आणि सगळे हसतात. मी एकदाच त्याला म्हटलं होतं की तू बोलायचास, चांगलं बोलायचास. तो म्हणाला, "ताई, कम ऑन, यू वेअर टेन." पुढचं सांगायचं तर माझ्यापासूनच सुरुवात करावी लागली असती.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे कॅरीला आली. गेल्या हिवाळ्यात तिनं अंथरूण धरलं. समोरच्या घरातली ती तरुण मुलगी, अकोल्याची, इथं एका औषध कंपनीत संगणकाचं काम करते, ती शनिवारी पाटवडी घेऊन यायची आणि आईच्या पलंगाशी बसायची. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे. "तुया घरी कोन कोन हाये व? सासू बोलते का चांगली? नसन बोलत त सांग मले, मी पाह्यते तिच्याकडं." आईचा आवाज तिशीतल्या बाईचा व्हायचा. त्या मुलीला ती आग्रह करायची, रागवायची, गावातल्या गोष्टी सांगताना मध्येच खोकायची आणि पुन्हा सांगायची. मुलगी निघताना मला म्हणायची, "काकू, आजी किती गोड बोलतात हो! मला अगदी घरी गेल्यासारखं वाटतं यार. तुम्ही किती लकी आहात."

आई जायच्या आधी तीन-चार दिवस, दुपारी, ती जागी होती आणि खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिच्या उशाशी बसले. इतक्या वर्षांनी तोंडातून ते शब्द निघताना मला माझाच आवाज परका वाटत होता. मी म्हणाले, "माय, त्या दिवशी म्याच सांगतलं होतं बाबाले. लय चुकलं माह्यं. माय, बोल न मायाशी."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळे स्वच्छ होते, सगळं समजत होतं तिला.

"आय नो," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "वॉटर, प्लीज."

मी पेला तिच्या ओठांना लावला. दोन घोट पिऊन तिनं माझा हात हलकेच बाजूला केला.

"थँक यू," आई म्हणाली.